पॉइंट माझे, तिकीट काकीचं

आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या २० आणि २१ या दोन श्लोकांवर. भगवंत इथं दानाचे प्रकार सांगतात. द्यायला हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, आणि जो परतफेड करणार नाही अशाला दिलं, तर ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेनं, फळावर नजर ठेवून किंवा जीव तुटत दिलं, तर राजस. या जीव तुटण्याला गीतेत 'परिक्लिष्ट' असा शब्द आहे. मला तो कळला विमान कंपनीच्या ॲपवर.

ऑफिसच्या फेऱ्यांतून साठलेले पॉइंट मी सिंगापूरसाठी जपले होते. तेवढ्यात काकीनं तिरुपतीचं नाव काढलं. कोल्हापुरातून हरिप्रिया एक्सप्रेस थेट जाते, पण इतका लांबचा प्रवास आता तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

आपल्या पॉइंटवर दुसऱ्याचं तिकीट काढता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खातं आपलं, फक्त प्रवाशाच्या जागी नाव त्यांचं. कर आणि शुल्क मात्र बहुतेक वेळा पैशांत भरावे लागतात. नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजमध्ये जोडीदार आणि दोन पायऱ्यांपर्यंतचे नातेवाईकच चालतात. म्हणजे आई, आजी, बहीण चालेल, काकी बाहेर! (आपल्याकडं असा हिशेब घातला तर निम्मं घर रिकामं होईल.) माझ्या कंपनीत तशी अट नव्हती.

अडलो ते वेगळ्याच जागी. नाव ओळखपत्राप्रमाणे हवं होतं, आणि काकीचं आधारवरचं नाव मला ठाऊकच नव्हतं. जिच्या हातचं खाऊन शाळेत गेलो, ती माझ्यासाठी तीस वर्षं नुसती 'काकी'. फोन करून विचारलं तेव्हा लाज वाटली.

नाव भरलं, आणि शेवटचं बटण दाबताना बोट थांबलं. सिंगापूर डोळ्यांसमोर आलं. वर मनानं पळवाटही काढली: रद्द केलं तर थोडं शुल्क कापून पॉइंट माझ्याच खात्यात परत येतात की! देताना परतीची वाट बघून ठेवणं, हेच ते परिक्लिष्ट. तिकीट काढलं, व्हीलचेअर मागितली, आणि संध्याकाळपर्यंत तिघांना सांगून मोकळाही झालो की काकीला माझ्या पॉइंटवर पाठवतोय. म्हणजे फळही लगेच वसूल.

परत आल्यावर काकी उजळाईवाडीच्या विमानतळावरून घरी न येता थेट देवळात गेली. तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही, अशी आपली श्रद्धा. दर नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला शालूही येतो. मी तिला धरून रांगेत उभा होतो. तिनं हळूच विचारलं, "किती पैसं पडलं रं तुला?"

"काही नाही काकी. पॉइंट होते."

"म्हंजी फुकट?"

किती हजार पॉइंट गेले तो आकडा अगदी जिभेवर आला होता. रांग दोन पावलं पुढं सरकली.

"हो, फुकटच," मी म्हणालो. तिकीट काढायला लागला नव्हता एवढा जोर ते म्हणायला लागला.