वाचक आधी, पुस्तक नंतर : चेक पुनरुत्थान आणि पेण-रोहा

युरोपातील लहान राष्ट्रांच्या भाषिक व सांस्कृतिक जागृतीचा अभ्यास करताना मिरोस्लाव ह्रोख या चेक इतिहासकाराने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक साधा, पण तोवर फारसा कोणी न विचारलेला प्रश्न विचारला : या जागृतीसाठी खपलेली माणसे जन्मली कुठे, त्यांचे वडील काय करीत होते आणि ती स्वतः कोणत्या गावात राहून पोट भरत होती? ह्रोखने अशा चळवळींचे तीन टप्पे मानले. पहिल्यात मूठभर विद्वान भाषा, इतिहास आणि लोकगीते यांचा केवळ जिज्ञासेपोटी अभ्यास करतात, दुसऱ्यात कार्यकर्त्यांचा एक वर्ग ती जाणीव इतरांच्या गळी उतरवू लागतो आणि तिसऱ्यात सामान्य जनता चळवळीत उतरते. त्याच्या दृष्टीने निर्णायक टप्पा दुसरा होता, आणि चेक प्रदेशात तो टप्पा राजधानीइतकाच किंबहुना तिच्याहून अधिक तालुक्याच्या तोडीच्या गावांनी पेलला, असे त्याच्या मोजदादीतून दिसते. हीच फूटपट्टी एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, आणि त्यातही पेण व रोहा या दोन गावांना लावून पाहिली, तर मराठी प्रबोधनाच्या नेहमीच्या कथनात न दिसणाऱ्या काही गोष्टी पुढे येतात.

चेक बाजूची कथा पुस्तकापासून नव्हे, शाळेपासून सुरू होते. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी १७७४ साली सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षणाचा कायदा केला आणि गावोगावी लेखन, वाचन, हिशेब व धर्मशिक्षण देणाऱ्या प्राथमिक शाळा उभ्या राहू लागल्या. साम्राज्याचा हेतू आज्ञाधारक प्रजा घडवण्याचा होता, चेक भाषेच्या भल्याचा तर मुळीच नव्हता, कारण वरच्या इयत्तांचे आणि सरकारी कारभाराचे माध्यम जर्मनच राहिले. परंतु खेड्यातल्या पोराला अक्षरओळख त्याच्या घरच्या बोलीतून करून देण्यावाचून शिक्षकाला गत्यंतर नव्हते, त्यामुळे जर्मनीकरण करू पाहणाऱ्या राजवटीनेच नकळत चेक वाचणाऱ्यांच्या दोन पिढ्या तयार करून ठेवल्या. योसेफ युंगमान या मोच्याच्या मुलाने पाच खंडांचा चेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ या काळात छापला, तेव्हा तो कोश चाळणारा, पंचांग विकत घेणारा, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना ऐकवणारा वाचक गावात आधीच बसलेला होता. ग्रंथप्रकाशनासाठी १८३१ साली स्थापन झालेली ‘मातित्से चेस्का’ ही संस्था वर्गणीदारांच्या पैशावर चालली, हे त्या वाचकाच्या अस्तित्वाचे रोकड प्रमाण होय.

युंगमानचे उदाहरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे. प्राग येथे प्रतिष्ठा मिळण्यापूर्वी तो १७९९ पासून १८१५ पर्यंत लितोमेरित्से या प्रामुख्याने जर्मनभाषक गावात माध्यमिक शाळेचा शिक्षक होता आणि तेथे त्याने चेक भाषेचे वर्ग बिनपगारी चालवले. त्याच्याहून अधिक बोलके उदाहरण माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा या बाईंचे. नगर-अधिकाऱ्याची ही पत्नी लहान लहान गावांत राहिली, तिने १८२६ साली चेक भाषेत पाककृतींचे पुस्तक काढले, गावातल्या मुलींना स्वयंपाक शिकवण्याच्या निमित्ताने घरी बोलावले आणि जाताना त्यांच्या हाती चेक पुस्तके वाचायला दिली. कोशकार आणि इतिहासकार यांच्या कामाला या चुलीपाशी फुटलेल्या वाटेने वाचक मिळाले, ही गोष्ट चेक पुनरुत्थानाचे इतिहासही अनेकदा तळटीपेतच उरकतात. या १८२६ च्या पुस्तकाच्या तुलनेत मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ येण्यास १९१० साल उजाडावे लागले.

पेणकडे वळताना ह्रोखचा आणखी एक निष्कर्ष ध्यानात ठेवावा लागतो. चळवळीची मूळ ठाणी त्याला कारखानदारीच्या शहरांत नव्हे, तर सुपीक मुलखातील, आसपासच्या धान्याची उलाढाल करणाऱ्या आणि लहान कारागिरांनी गजबजलेल्या बाजारगावांत आढळली. या कसोटीवर पेण सहज उतरते. भोगावतीच्या काठचे हे गाव, जवळचे अंतोऱ्याचे बंदर, खारेपाटातील मिठागरे, भाताची पेठ आणि खोपोलीवरून बोरघाटाकडे जाणारा रस्ता यांमुळे पेण ही कोकण आणि घाटमाथा यांना जोडणारी जुनी बाजारपेठ होती. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशा जोडगावाचेही आसपासच्या भातशेतीशी असेच नाते होते. ब्राह्मण व कायस्थ प्रभू या लेखणीवर जगणाऱ्या जाती, वाणी, तेली, सोनार, कुंभार, आगरी व कोळी अशी वस्ती या परिसरात होती, म्हणजे चेक बाजारगावात आढळणारा लेखनिक-व्यापारी-कारागीर हा संच येथेही कमी-अधिक फरकाने होता. तरीही मराठी प्रबोधनाच्या इतिहासात पेण आणि रोहा ही नावे येतात ती जन्मस्थळ म्हणून, कार्यस्थळ म्हणून क्वचितच. ही विसंगती केवळ पारतंत्र्याच्या नावावर टाकता येत नाही, कारण चेक लोकही परक्याच राजवटीखाली होते.

पहिले कारण शाळा आणि छापखाना यांच्या उलट्या क्रमात सापडते. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे शिक्षणविषयक टिपण १८२३ चे असले तरी सरकारी शाळा जिल्ह्यात रुजायला पुढची कैक दशके लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली तयार झालेले पंतोजी १८२६ साली बाहेर पडले, त्यांची संख्या मराठी व गुजराती मिळून अवघी चोवीस होती. त्यानंतर पाचच वर्षांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. म्हणजे कोश, वृत्तपत्र आणि १८३६ चे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण ही सगळी सामग्री मुंबईत तयार झाली, ती वाचणारा तालुक्याचा वर्ग मात्र घडायचाच होता. युंगमानचा कोश त्या भाषेच्या शाळामास्तराने आपल्या भाषिकांसाठी केला, मोल्सवर्थचा कोश लष्करी अधिकाऱ्याने पंडितांच्या साह्याने, कारभार करणाऱ्या परक्यांची सोय डोळ्यांसमोर ठेवून केला. मराठीचे भाग्य असे की तो कोश अद्याप अजोड ठरला आहे.

लिपीची अडचण तर बहुधा दुर्लक्षिली जाते. पेण-रोह्याचा कुळकर्णी, खोताचा कारकून किंवा पेढीवरचा गुमास्ता निरक्षर नव्हता, परंतु त्याची साक्षरता मोडीची होती. खातेवही, कबुलायत, वसुलीचा तक्ता आणि घरचे पत्र हे सारे तो बोरूने एका दमात लिहून काढी, आणि छापील पुस्तक मात्र बाळबोधीत असे, जे त्याच्या सवयीत पोथीच्या आणि देवघराच्या कप्प्यात पडत होते. चेक छपाईतही जर्मन वळणाच्या अक्षरांकडून लॅटिन अक्षरांकडे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाले, पण तेथे छापील मजकूर वाचण्याची सवय आधी जडलेली होती, केवळ अक्षराचे वळण बदलले.

दुसरे कारण पैशाचे आणि जातीचे, आणि ही दोन येथे वेगळी काढता येत नाहीत. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन-महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळवण्यात आला. म्हणजे शाळेचा खर्च खारेपाटातला आगरी शेतकरी भात विकून भरू लागला, पण बाकावर बसणारी मुले बहुतांशी लेखणीवाल्या घरांतली राहिली. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनाचा रोख नेमका या व्यस्ततेवर होता. ऑस्ट्रियात १८६९ च्या कायद्याने आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले आणि शतकाअखेर चेक भाषकांत निरक्षर माणूस अपवाद ठरला, तर १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेपाचच्याही खाली होते. बोहेमियातील शेतकऱ्याची वेठ १८४८ साली संपली आणि त्याचा मुलगा पुढच्या पिढीत वर्गणीदार, मास्तर किंवा आमदार झाला. कुलाब्यातील कुळाला खोताच्या जाचाविरुद्ध चरीचा संप १९३३ पासून वर्षानुवर्षे चालवावा लागला आणि खोती नाहीशी करणारा कायदा होण्यास १९४९ साल यावे लागले. जमिनीच्या इतिहासातले हे शंभर वर्षांचे अंतर वाचनाच्या इतिहासात जसेच्या तसे उतरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेतून वाट काढणाऱ्यांना शाळेबाहेरचे दार शोधावे लागले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करात गेले, तेथल्या शिक्षणाच्या बळावर त्यांनी १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, आणि चारच वर्षांत महारांची लष्करभरती थांबल्याने तेही दार बंद झाले. चेक चळवळीत अशा दर्जाचा मनुष्य गावच्या वाचनमंडळात बसला असता, येथे त्याला अशी जागा मिळणेच सरकारी नेमणुकीवर अवलंबून राहिले.

तिसरे कारण भूगोलाचे : खाडीपलीकडे मुंबई होती. धरमतरची बोट पकडली की काही तासांत मनुष्य त्या शहरात उतरत असे, आणि बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाल्यावर घाटमाथ्याचा माल पेणला वळसा घालून परस्पर मुंबईला जाऊ लागला. खुद्द रोह्याला आगगाडी पोचली ती १९८० च्या दशकात. बोहेमियाच्या गावांना प्राग जवळ होते, पण प्रागने त्यांचा मध्यमवर्ग समूळ उचलून नेला नाही. त्या गावांतील माध्यमिक शाळा, न्यायालय, मद्यनिर्मितीचे कारखाने आणि १८६२ नंतर ‘सोकोल’ या व्यायामसंघाच्या शाखा यांनी शिकलेल्या माणसाला गावातच काम दिले. कुलाब्यात शिकलेला मनुष्य म्हणजे गाव सोडलेला मनुष्य. विष्णुबुवा ब्रह्मचारी याच जिल्ह्यातल्या शिरवलीचे, पण पाद्र्यांशी त्यांचे गाजलेले वाद मुंबईच्या समुद्रकिनारी झाले. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला आणि चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा रायगडाजवळच्या नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे चारच महिन्यांनी. विनोबांचे वडील बडोद्यास नोकरीत आणि देशमुखांचे वडील रोह्यास वकील. पहिल्याचे शिक्षण बडोद्यास झाले, दुसऱ्याने मुंबईतून मॅट्रिकला पहिला येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. दोघांनीही मराठीला संस्कृतातून अनुवाद दिले, एकाने ‘गीताई’, दुसऱ्याने ‘मेघदूत’, आणि या दोन कृतींत प्रबोधनाच्या परिणत मराठीचे दोन टोकांचे नमुने आढळतात. पुढच्या पिढीत रोह्याचेच पांडुरंगशास्त्री आठवले यांचे कार्य उभे राहिले तेही मुंबईच्या माधवबागेतील पाठशाळेतून.

मात्र गावात काही घडतच नव्हते, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल, आणि येथे तुलना उलट्या दिशेने उपयोगी पडते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहणारे बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे मराठीभाषक ज्यू, यांची पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावेच त्यांच्या मुळांचा पत्ता सांगतात, आणि पेण व अष्टमी या दोन्ही ठिकाणी त्यांची सिनेगॉग आहेत. बोहेमियातील ज्यूंना सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळापासून जर्मन शाळांत घालण्यात आले होते, त्यामुळे चेक की जर्मन हा प्रश्न त्यांना घरोघरी सतावत राहिला आणि चेक-ज्यू विद्यार्थ्यांची संघटना निघाली ती १८७६ साली. कोकणातल्या ज्यूंपुढे असा पेचच नव्हता. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाचा विधिग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ सालीच छापला गेला, आणि १८८० च्या सुमारास त्यांनी हिंदू कीर्तनाचा साचा उचलून अब्राहम व मोशे यांची आख्याने मराठीतून लावली. या उपक्रमातील अग्रणी बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे आडनाव रोह्यासमोरच्या अष्टमीचे आहे. धर्म निराळा, भाषा मात्र निर्विवाद एकच, हे समीकरण प्रागमध्ये सभा भरवूनही जुळले नाही.

पेणच्या गणेशमूर्तींचाही विचार याच संदर्भात करावा लागतो. ज्या व्यवसायाच्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते, त्या शाडूच्या मूर्तिकामाला १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाने मोठी मागणी आणून दिली. साचा, भरणी, रंग आणि अखेरीस अनुभवी हातानेच करायची डोळ्यांची आखणी असे टप्पे कारखान्यातल्या कारखान्यात वाटून घेतले गेले, आणि बाहेर पडलेली कसबी माणसे आपापले कारखाने काढत गावभर पसरली. चेक प्रदेशात मातेय कोपेत्स्की यांच्यासारख्या फिरत्या कठपुतळीकारांनी खेडोपाडी चेक संवाद ऐकवत भाषा जागती ठेवली, तसे मूर्तिकाराने भाषेसाठी काही केले नाही. परंतु शिकलेली पोरे बाहेर पाठवणाऱ्या या गावात कसब शिकलेला माणूस मात्र गावातच राहिला आणि माल बाहेर गेला, ह्रोखच्या कोष्टकात या उलट प्रवाहाला रकाना नाही.

उच्च शिक्षणाबाबत दोन्हीकडचे दुखणे एकच होते, निकाल वेगळे लागले. प्रागचे विद्यापीठ १८८२ साली चेक व जर्मन असे दुभागले गेले. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून वगळल्या, आणि त्यांना पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे १९०१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत झटत राहिले. चेक बाजूचा कित्ता डोळे मिटून गिरवण्याजोगा होता असेही नाही. १८१७-१८ मध्ये ‘सापडलेली’ प्राचीन चेक हस्तलिखिते बनावट असल्याचे गेबाउर व मासारिक या चेक विद्वानांनी १८८६ साली दाखवून दिले, तेव्हा त्यांच्यावरच राष्ट्रद्रोहाचा शिक्का मारण्यात आला.

पेण-रोह्याची ह्रोखच्या पद्धतीने खरी मोजदाद करायची तर साधने दूर नाहीत. जुन्या प्राथमिक शाळांतून जपलेल्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जात, जन्मस्थळ, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, वागणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. गेल्या शतकाच्या आरंभापासूनची अशी रजिस्टरे तालुक्यातील शाळाशाळांतून एकत्र करून, कोणत्या जातीचे मूल कोणत्या इयत्तेपर्यंत टिकले आणि शेवटच्या रकान्यात ‘शेतकाम’, ‘गैरहजर’ की ‘मुंबईस गेला’ असे लिहिले गेले, याची तुलना खोतीच्या व बिगरखोतीच्या गावांनुसार केली, तर पेणचा वाचक नेमका कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या वाटेने निसटला, हे कथानकांवर विसंबून न राहता गावागणिक मांडता येईल.