उसना आवाज, उसना चेहरा

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, भाऊबीज सरली, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रांचे, शंकरपटाचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशात, म्हणजे सरकारी कागदावरच्या देसाईगंजात, नाटक कंपन्यांकडे तारखा धरायला चंद्रपूर-गडचिरोलीची गावं लोटतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. मंडपाच्या पार टोकाला तणसावर बसलेल्या माणसाला नटाचे डोळे काही दिसत नाहीत. नाटक त्याच्यापर्यंत कानावाटेच येतं. म्हणून इथला पोरसवदा नट आधी आवाज कमावतो, चेहरा मागाहून.

आवाज आणि चेहरा वेगळे काढता येतात का? अभिनेता श्रेयस तळपदे या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना जाऊन आला. २००५ च्या 'इक्बाल' चित्रपटात तो मूकबधिर क्रिकेटपटू झाला. हिंदीत त्याची ओळख झाली ती तोंडून शब्द न काढता. २०२१ मध्ये 'पुष्पा' या तेलुगू चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत त्याने अल्लू अर्जुनला आवाज दिला. या वेळी चेहरा कुठेच नव्हता, आणि तरी तो घरोघरी ऐकला गेला. प्राणहितेकाठच्या सिरोंच्यात, जिथे तेलुगू बाजारातही कानावर पडते, तिथे या उसन्या आवाजाची गरजही अनेकांना भासली नसेल.

डबिंगचा नट कानात मूळ संवाद घेतो, डोळे पडद्यावरच्या ओठांवर ठेवतो आणि ते मिटतात तिथेच आपलं वाक्य मिटवतो. दम दुसऱ्याचा, गळा आपला. झाडीपट्टीच्या नटाला हे नवं वाटू नये. हंगामात आज एक नाटक, उद्या दुसरं. तालमीला उसंत कुठली? विंगेतून प्रॉम्प्टर ओळ टाकतो, नट ती अर्धी कानात असतानाच बोलू लागतो, आणि समोरच्याला वाटतं, हे याच्याच पोटातून आलं. मुंबईत दुसऱ्याच्या चेहऱ्याला आपला आवाज द्यायचा, इथे दुसऱ्याच्या कुजबुजीला आवाज आणि चेहरा दोन्ही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर ५,००० हून अधिक प्रयोगांत ८०० भूमिका करून २०२३ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचले. एवढ्या भूमिका नुसत्या पाठांतरावर पेलत नाहीत. त्याला तयार कान लागतो.

पण हाच नट माइकसमोर उभा राहिला, की त्याला पहिली सूचना मिळते ती उच्चार सुधारण्याची. झाडीबोलीत डोळ्याचा 'डोरा' होतो, पाण्याचं 'पानी'. ती सूचना चुकीची नाही. राजाच्या तोंडी राजाची भाषा हवीच. चूक होते ती त्याला अडाणी समजण्यात. घरी झाडीबोली, रंगमंचावर नायकाची पुस्तकी मराठी, हा बदल तो रोज रात्री रंग लावता लावता करतो. प्रमाण मराठी ही त्याची पहिली भूमिका. एकाच भाषेत वाढलेल्या शहरी नटाला ही मेहनत कधी करावीच लागली नाही. मग तयारी जास्त कोणाची?

पहाटे नाटक संपतं. रंग पुसून मंडळी गाडीत चढतात, पुढच्या गावचा रस्ता धरतात. घसा बसलेला नायक शेजाऱ्याला म्हणतो, "पानी दे ना गा." रात्रभरात प्रॉम्प्टरने न दिलेली ही त्याची पहिलीच ओळ.