निनावी आप्तवाक्य

मनुष्याने स्वतः पडताळून मिळविलेले ज्ञान किती आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून स्वीकारलेले किती, याचा प्रामाणिक हिशेब कोणी मांडला, तर दुसऱ्या रकान्यातील बेरीज पाहून त्याचा सारा अहंकार गळून पडेल. म्हणूनच आपल्या दार्शनिकांनी प्रत्यक्ष व अनुमान यांच्या पंक्तीला शब्दालाही मानाचे पान वाढले, आणि चरकसंहितेने तर वैद्यकासारख्या अनुभवनिष्ठ शास्त्रातही आप्तोपदेशाची गणना चार प्रमाणांत केली. प्रश्न एवढाच उरतो की, आप्त म्हणावे कोणाला?

हा प्रश्न मला पडला तो मामांच्या ओसरीवर. महसूल खात्यात अव्वल कारकुनी करण्यात ज्यांची हयात गेली, त्या मामांची मूत्रपिंडे काही वर्षांपासून क्षीण होत चालली आहेत. त्या सकाळी दोन सोललेली शहाळी पुढ्यात घेऊन, मोबाइल हातभर लांब धरून, ते मला एक संदेश वाचून दाखवीत होते : महिनाभर शहाळ्याचे पाणी घेतले असता मूत्रपिंडे धुऊन निघतात.

“मामा, हे लिहिलंय कोणी?”

“अरे, लिहिणाऱ्याशी काय करायचंय? जावयांनी पाठवलंय. ते का माझं वाईट चिंततील?”

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. निरोगी मूत्रपिंड त्यातील जादा भाग सहज बाहेर टाकते; क्षीण झालेल्याला ते साधत नाही, आणि रक्तात साचलेले तेच द्रव्य हृदयाची लय बिघडवून प्राणावर बेतू शकते. मधुमेह्याला साखरेऐवजी गूळ खुशाल चालतो, हा उपदेशही याच जातीचा. कारण गूळ म्हणजेही बव्हंशी साखरच.

मीमांसकांचे म्हणणे असे की, शब्दातील दोष हे वक्त्याचे दोष असतात. वेदाला कर्ताच नाही, तेव्हा त्यात दोष शिरणार कोठून? शेकडो हातांतून फिरत आलेल्या या संदेशांना आपण नकळत हीच अपौरुषेयता बहाल केली आहे. कर्ता दिसत नाही म्हणून त्याचा स्वार्थ दिसत नाही, त्याचे अज्ञान दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे दुखणेकऱ्याचे आशाळभूत मन धरून चालते. नैयायिकांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे : शब्दाला प्रामाण्य येते ते वक्त्याच्या गुणांमुळे. ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायन निःसंकोचपणे सांगतो. जावयांच्या ठायी सदिच्छा पुरेपूर होती. उणीव होती ती ज्ञानाची. ‘आप्त’ या एकाच शब्दाने मराठीत आपण नातेवाईकही ओळखतो, ही आपल्या भाषेची गोड पण घातक लकब आहे.

दोष एकट्या रोग्याच्या पदरी घालणे मात्र अन्यायाचे होईल. दवाखान्यातून तो निषेधांची यादी घेऊन परततो. संदेश त्याला काही करावयास देतो, आणि जन्मभराच्या दुखण्यात काहीतरी करीत असल्याचे समाधान औषधाइतकेच हवेसे वाटते. मधुमेहासारखे रोग बरे करण्याची ग्वाही देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आपल्या देशात आहे. पण जाहिरातदाराला हुडकता येते, मायेने संदेश पुढे ढकलणाऱ्या मेहुण्याला कोणता कायदा हटकणार? तेथे ज्याचा त्याचा विवेकच अंमलदार.

शेवटी मी विचारले, “मामा, कचेरीत निनावी अर्ज आला, की तुम्ही काय करीत होता?”

मामांनी क्षणभर मोबाइलकडे पाहिले. “दप्तरी दाखल,” ते म्हणाले, आणि शहाळी त्यांनी नातवंडांपुढे सरकवली.

वाचकहो, दुसऱ्याच्या पथ्यात ढवळाढवळ करणारा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्याखाली स्वतःची सही करण्याची आपली तयारी आहे काय, एवढे पाहावे. नसेल, तर तो दप्तरी दाखल करावा.