वजनाची चोरी

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी झाली, त्यामुळे धातूचं वजन डोळ्याआधी मनगटाला कळतं. उजनी धरणावरच्या मच्छीमाराच्या जाळ्याला ओवलेली शिशाची गोळी एका तळहातावर घ्या आणि तेवढीच बेअरिंगची पोलादी गोळी दुसऱ्यावर. शिसं जवळजवळ दीडपट भरतं. घनसेंटिमीटरला शिसं 11.3 ग्रॅम, पोलाद 7.8.

छऱ्याच्या बंदुकीत या फरकालाच मोल आहे. पाण्यात पडलेले शिशाचे छरे बदकं खडे समजून गिळतात नि विषबाधेनं मरतात, म्हणून अमेरिकेनं 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं. मग पोलाद आलं, बिस्मथ आलं, टंगस्टन आलं. शुद्ध टंगस्टन 19.3, म्हणजे सोन्याच्या तोडीचं. तिकडे असलेल्या पुतण्यानं काडतुसांच्या पेटीचा फोटो पाठवला. टंगस्टन हे नाव बोटभर अक्षरांत. आणि आत बहुतेक छरे पोलादाचे, थोडेच टंगस्टनच्या मिश्रधातूचे, हे भिंग लावून वाचावं इतकं बारीक. मिश्रधातूही 12 च्या आसपासचा, 19 चा नव्हे. छापलेलं अक्षर न् अक्षर खरं, तरी गिऱ्हाईक फसतं. मग पाप कशाचं?

याचं उत्तर मला आमच्या पेठेतल्या एका वृद्ध जैन आडत्यांनी दिलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी व्रतांचे अतिचार, म्हणजे व्रतपालनातले दोष, सांगितलेत. चांगल्या मालाच्या नावावर हलका माल खपवणं आणि मापात मारणं, हे दोन्ही तिथे सत्याच्या व्रतात येत नाहीत. अचौर्याच्या व्रतात येतात. म्हणजे विकणारा खोटं बोलला की नाही, हा वाद घालायचाच नाही. समोरच्याचं काही काढून घेतलं का, एवढंच बघायचं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शब्दांच्या आड लपायला इथे जागाच उरत नाही.

पण काढून घेतलं कुणाचं? गिऱ्हाइकाचे पैसे गेले, ते गेलेच. हलका छरा मात्र हवेत लवकर वेग गमावतो. शिकारी टंगस्टनच्या भरवशावर लांबून बार टाकतो, छरा लागतो पण खोल शिरत नाही, आणि पक्षी पंख ओढत लव्हाळ्यात जाऊन दिवसेंदिवस तडफडतो. सौद्यात नसलेल्या जिवाकडून ती तूट वसूल होते.

आडते म्हणाले, “श्रावकानं, म्हणजे जैन गृहस्थानं, हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणंच वर्ज्य. तिथे प्रामाणिक छरा न् अप्रामाणिक छरा, हा भेद कसला करता?” उजनीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या पट्टकादंबांपुरतं मी त्यांच्याच बाजूचा आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्या पक्ष्यांना संरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण जिथे बंदूक चालतेच आहे, तिथल्या पक्ष्याला निदान लवकर मरण यावं, एवढं देणं विकणाऱ्यावर लागतं. छऱ्याची घनता आणि त्याचं प्रमाण नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत पेटीवर छापलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे. आडत्यांना तो अजून मान्य नाही.