सातबारा आणि लियर

दौंड, रविवार

चि. भाचीबाईस,


तुझं पत्र आणि एकांकिकेची वही, दोन्ही पोचलं. वही दोनदा वाचली. एकदा मामा म्हणून आणि एकदा जुना तळीराम म्हणून. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत 'एकच प्याला'तले प्रवेश करायचो तेव्हा तीन वर्षं तळीराम माझ्याकडे होता. तुझ्या आईला विचार, अजून हसते.

कॉलेजात ॲरिस्टॉटल शिकवला, शोकनायक मोठ्या घराण्यातला आणि कीर्तीच्या शिखरावरचा लागतो हे कळलं, आणि तेव्हापासून तुला तुझ्या एकांकिकेतल्या म्हाताऱ्याची लाजच वाटायला लागली, असं तू लिहितेस. न्हावऱ्याकडचा अडीच एकरवाला. तो पडणार कुठून, जमिनीवरच तर बसलाय! (वाक्य बरं आहे. नाटकात घाल.)

ॲरिस्टॉटल काही उगीच बोलत नव्हता. राजा पडला की मुलूख हलतो. तुमच्या शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला, संभाजीराजांची समाधी आहे. मार्च 1689 मध्ये राजे मारले गेले, त्याच वर्षी रायगड गेला आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. आपले नाटककार त्या समाधीकडे पुन्हा पुन्हा वळले. कानेटकरांनी 1962 मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 1968 मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू' दिलं. त्यांच्या कितीतरी आधी गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' लिहायला घेतलं होतं, ते अपुरंच राहिलं. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला त्यांचं जे नाटक रंगमंचावर उभं राहिलं ते 'एकच प्याला'. नायक कोण, तर सनद गेलेला एक वकील. राजाचं नाटक वहीत अडकलं आणि दारुड्या वकिलाचं नाटक शंभर वर्षं लोकांना रडवतंय. मला यात नियतीची थोडी खोडी दिसते.

आणि हे सगळं पुण्या-मुंबईच्या थेटरातच झालं असं समजू नकोस. तुमच्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन 2021 मध्ये गेले. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी जन्मभर गाणी आणि वग लिहिले. त्यांच्या लेखनात 'भंगले स्वप्न महाराष्ट्राचे' आहे आणि 'सुशीला, मला माफ कर'ही आहे. जत्रेतल्या माणसाला महाराष्ट्राचं स्वप्न आणि सुशीला एकाच कनातीत चालतात. अडचण आली ती शिकलेल्यांना.

फेब्रुवारी 1949 मध्ये आर्थर मिलरने विली लोमन नावाचा एक थकलेला फिरता विक्रेता न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणला आणि त्याच महिन्यात वर्तमानपत्रात लेख लिहून बजावलं की सामान्य माणूसही राजाइतकाच शोकनायक होऊ शकतो. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी जीव टाकायची तयारी असली की झालं. तुझे सर हे पुढच्या सत्रात सांगतीलच. मी सांगतो ते पुस्तकात नाही.

आमच्या दौंड तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा होता. नाव-गाव सांगत नाही. मी रेल्वेत ड्युटीवर असताना तो मला रोज दिसायचा, भाजीची पाटी घेऊन पॅसेंजरला यायचा, त्यातून ओळख झाली. पुढे त्याने जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. फेरफार झाला, सातबाऱ्यावरचं नाव बदललं. दोन वर्षांत म्हातारा गावाबाहेरच्या देवळात राहायला आला.

लियर राजाने नकाशा पसरून राज्य वाटलं; आपल्याकडे तलाठी कार्यालयात वाटतात, एवढाच काय तो फरक. शिरवाडकरांनी हे बरोबर ओळखलं होतं. 1970 च्या 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होतात आणि मग घरी येऊन लियरचीच चूक करतात. आम्ही रेल्वेतले सांधेवाले ही चूक लगेच ओळखतो. दौंडात सांधा बोटभर सरकला की गाडी सोलापूरऐवजी मनमाडला लागते. सरकवताना फार जोर लागत नाही, आवाजही मोठा होत नाही.

पण लियरला जे नव्हतं ते देवळातल्या म्हाताऱ्याला होतं. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा! सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर, प्रांतांकडे अर्ज करून परत मागता येते. दस्त लिहिणाऱ्याने शहाणपणाने ती अट घातलेली होती. मी धावपळ केली, तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अर्ज तयार करून घेतला आणि देवळात गेलो. म्हाताऱ्याने तो वाचून घेतला. 'अर्जदारास मुलगा जेवण देत नाही' या ओळीशी त्याने मला थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "मास्तर, हे सरकारी कागदावर राहणार ना?" मी म्हटलं, राहणार. "मग नको. उद्या नातू शाळेत जाईल."

मी खूप समजावलं. चिडलोही. भुकेपेक्षा अब्रू मोठी का, असंही बोलून गेलो. तो हट्टी होता आणि माझ्या मते चुकलाही. पण ज्याचं सगळं हिसकावून घेतलं गेलं असा बिचारा त्याला म्हणणं मला त्या संध्याकाळनंतर जमलं नाही. दार उघडं होतं. त्याने ते पाहिलं, समजून घेतलं आणि आतून लावून घेतलं.

तुझ्या वहीत नेमकं हेच नाही. तुझा म्हातारा पहिल्या प्रवेशात कर्ज काढतो, दुसऱ्यात पाऊस पडत नाही, तिसऱ्यात बँकेची नोटीस येते आणि मग तो जातो. सगळं त्याच्या बाबतीत घडतं, तो स्वतः काहीच करत नाही. रस्त्यावरच्या अपघातात दोन ठार झाले तर ते दुःख आहे, नाटक नव्हे. त्याला एकदा तरी 'नाही' म्हणू दे, आणि तेही चुकीच्या जागी. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की अरे, सही कर ना बाबा!

माझं म्हणणं सगळ्याच नाटकांना लागू पडतं असं नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये 1982 च्या गिरणी संपानंतरचं लालबाग-परळचं घर आहे. तिथे असा एक नायक शोधत बसलीस तर दमशील. एक मुलगा लेखक व्हायला निघालाय, एकाच्या डोक्यात क्रिकेट, एक टोळीत शिरलाय, आणि आई सगळ्यांना पुरते आहे. अख्खं घरच पडतं तिथे. ते नाटक मला फार आवडतं. पण ती वेगळी वाट आहे आणि पहिल्याच एकांकिकेत तू तिकडे जाऊ नयेस.

आता सामान्य माणसाची खरी अडचण. राजा पडला की मुलूख हलतो, म्हटलं ना? देवळातला म्हातारा गेला त्या दिवशी चौफुल्याची एसटी वेळेवर सुटली. विली लोमनलाही वाटत होतं की आपल्या अंत्ययात्रेला गावोगावचे लोक लोटतील. आले घरचे आणि शेजारचे. तेंडुलकरांची बेणारेबाई तर आणखी एकटी. 1967 चं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तू वाचलंयस. शेवटी ती आपलं सगळं आयुष्य बोलते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसं गोठून उभी असतात. तिचं बोलणं तिच्या जगातला एकही माणूस ऐकत नाही. ऐकतो तो फक्त अंधारात बसलेला प्रेक्षक. राजाला मुलूख असतो, बेणारेबाईला तिकीट काढून आलेले आपण. त्यामुळे तुझ्या एकांकिकेत मेल्यावर गाव गोळा करू नकोस. तो कोरस काढून टाक, कोरसातल्या पोरांना वाईट वाटलं तरी चालेल.

आणि मुलाला राक्षस करू नकोस. आमच्या म्हाताऱ्याच्या दहाव्याला गावच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली शोकाकुल म्हणून पहिलं नाव मुलाचं. मी तिथे उभा होतो तर तो जवळ आला आणि ढसाढसा रडला. खोटं नव्हतं ते. म्हणाला, "बापाने कधी शब्दानं तक्रार केली नाही हो माझी." माझ्या शबनममध्ये तो टाइप केलेला अर्ज होता. काढला नाही.

तुझ्या नाटकात तो काढायचा की नाही, ते तू ठरव. पुढच्या रविवारी ये. घोडनदीहून न्हावऱ्याची गाडी धर, पारगावला भीमा ओलांडलीस की चौफुला लांब नाही, मी स्कूटर घेऊन थांबतो. वही आण. अर्जही दाखवतो, घडीवर फाटत आलाय.

तुझा,
मामा