ज्याला पापणी नाही

सिंधुदुर्गातल्या आंबोलीत पावसाळी रात्री टॉर्च, फ्लॅश आणि मॅक्रो लेन्स घेतलेली मंडळी हिंडतात. कोणाला मलबार चापड्याचा डोळा हवा असतो, कोणाला उडत्या बेडकाचा पाय. फोटो सुंदर येतात, यात वाद नाही. बेडकाच्या हिरव्या अंगाखालचा तो नारिंगी-लाल पडदा पाहून माणूस गप्प होतो.

पण सापाला पापणी नसते. डोळ्यावर नुसते एक पारदर्शक खवले. नको वाटले की आपण डोळे मिटतो. त्याला तेवढीही सोय नाही. फ्लॅश दहादा उडाला तरी उघड्या डोळ्यांनीच सोसायचा. बेडकाचे आणखी वाईट. पाय पसरावेत म्हणून त्याला बोटाने डिवचतात, आणि त्याची कातडी आपल्या हातावरचे डासांचे मलमही आत ओढून घेते.

असे फोटो पाहून एखादा साप मारायचे थांबवतो, हे मी कमी लेखत नाही. तरी हा हिशेब आपणच मांडतो आणि आपल्याच बाजूने मिटवतो. दुसऱ्याच्या दारात आपण आवाज देतो, 'या' म्हटल्याखेरीज आत पाऊल टाकत नाही. ज्याला 'या' म्हणताच येत नाही, त्याच्या डोळ्याजवळ काच नेताना विचारायचे कोणाला?

लांबूनच एखाद-दुसरा फोटो घेऊन उठणारेही आहेत. त्यांच्या फोटोत डोळा लहान येतो, साप मात्र पुरता दिसतो.