आधीचे पाच जण

'शोले'बद्दल चांगलं मत असणं ही कुणाची कमाई नव्हे. आडनावासारखं ते घरातूनच मिळतं. 'खोटे सिक्के'बद्दल मत असायला मात्र तो चित्रपट पाहिलेला असावा लागतो आणि मग चारचौघांत त्याची बाजू घ्यावी लागते. मुलुंड-घाटकोपरकडच्या, आता साठी ओलांडलेल्या मंडळींत अशी बाजू घेणारे अजून भेटतात. लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या बाकावर, ठाणे लोकलच्या दारात, कुठेही 'शोले'चा विषय निघाला की त्यांच्यातला एकजण हमखास म्हणणार, "ते सगळं ठीक आहे हो, पण त्याच्या आधी 'खोटे सिक्के' आला होता."

दावा खरा आहे. नरेंद्र बेदींचा 'खोटे सिक्के' १९७४ चा, आणि 'शोले' लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. डाकूने गांजलेलं गाव, आणि त्या गावाच्या मदतीला शहरातून आलेले पाच भुरटे. डॅनी, रणजीत, सुधीर, नरेंद्रनाथ, पेंटल अशी ही मंडळी. समोर जंगा डाकू म्हणजे अजित. शिवाय घोड्यावरून मधूनच उगवणारा, टोपीवाला, कमी बोलणारा, जंगाशी स्वतःचा जुना हिशेब असलेला फिरोझ खान. हे ध्यान सरळ सरळ सर्जिओ लिओनेच्या इटालियन वेस्टर्नमधून, क्लिंट ईस्टवुडच्या अंगावरून उतरवून आणलेलं. संगीत राहुलदेव बर्मनचं. पाचाचे दोन केले, घोडेस्वार काढून टाकला आणि एक ठाकूर घातला की 'शोले' झाला, असं आमच्या चाहत्याचं गणित.

या गणिताचा मला कंटाळा आहे. चुकीचं आहे म्हणून नव्हे, तर ते चाहत्यावरच उलटतं म्हणून. आधी कोण, हाच प्रश्न असेल तर १९७१ चा राज खोसलांचा 'मेरा गाव मेरा देश' आहेच. त्यात धर्मेंद्र भुरटा चोर आहे, विनोद खन्ना जब्बारसिंग नावाचा डाकू आहे, आणि चोराला गावात आणणारा एका हाताचा निवृत्त सैनिक आहे. तो सैनिक झालेत जयंत, म्हणजे पुढे गब्बर झालेल्या अमजद खानचे वडील. त्याच्याही मागे जायचं तर १९६० चा अमेरिकी 'मॅग्निफिसंट सेव्हन' आणि त्याच्या मागे १९५४ चा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई'. इटालियन मंडळी तरी कुठे धुतल्या तांदळाची? लिओनेचा १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' हा कुरोसावाच्या १९६१ च्या 'योजिम्बो'वरून इतका थेट बेतलेला होता की तोहो कंपनीने हक्क सांगितला आणि निर्मात्यांना पैसे मोजावे लागले. 'शोले'तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लिओनेच्याच १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची आठवण करून देतं, हे तर जगजाहीर आहे. या घराण्याची वंशावळ काढायला बसलं तर कुणीच मूळ पुरुष सापडत नाही. मग 'आमचा आधी' म्हणणाऱ्याच्या हाती काय लागतं? त्याच्या लाडक्या चित्रपटाला 'शोले'च्या तळटीपेत एक ओळ.

म्हणून अशा माणसाला 'आधी'च्या पुढे ढकलावं लागतं. दुसरा चहा मागवला की तो खरं बोलू लागतो. रणजीत! जन्मभर नायिकेच्या मागे लागलेला रणजीत इथे चांगल्यांच्या बाजूने उभा आहे, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी तो चित्रपट त्याला जवळचा वाटतो. मग डॅनी. गब्बरची भूमिका आधी डॅनीला देऊ केली होती, पण तो फिरोझ खानच्याच 'धर्मात्मा'साठी अफगाणिस्तानात अडकला, ही कथा आता सगळ्यांना पाठ आहे. 'खोटे सिक्के'चा चाहता ती वेगळ्या सुरात सांगतो: आमच्या घोडेस्वाराने आमचा भुरटा नेला, म्हणून तुम्हाला तुमचा गब्बर मिळाला. हे मत आहे. यात चूक-बरोबर काही नाही, पण कुणाच्या नजरेतून काय दिसलं ते यात आहे.

याच्याही खाली एक गोष्ट आहे, जी चाहते स्वतःहून क्वचित बोलतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली गावं मुंबईकडे सरकली. विक्रोळीच्या गोदरेजपासून भांडुपच्या सिएटपर्यंत आणि पुढे मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने जे कारखाने होते, त्यांच्या पाळ्यांवर ही माणसं आणि त्यांच्या आधी आलेले त्यांचे भाऊबंद उभे होते. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. गावी पैसे पाठवायचे, गावाहून आलेल्या पत्रात बांधाचं भांडण वाचायचं, सावकाराचं नाव वाचायचं, आणि इथे बसून काही करता येत नाही म्हणून चरफडायचं. अशा प्रेक्षकाला शहरातून गावाकडे निघालेले पाच जण दिसले, तेही साव नसलेले, फुटपाथवरचे. त्याला टोपीवाल्या घोडेस्वाराची नवलाई वाटली असेल, पण ओळख पटली ती या पाचांची. गावाचा न्याय गावात होत नाही आणि पोलीस करत नाहीत, तो शहरात बिघडलेला आपलाच पोरगा येऊन करील, ही कल्पना कायद्याच्या दृष्टीने भयंकर आहे. खोलीवर सहा जणांत झोपणाऱ्याला ती का आवडली, हे मात्र मला कळतं.

लिओनेच्या चित्रपटांत परका माणूस पैशासाठी गावात येतो, दोन टोळ्यांना एकमेकांत झुंजवतो आणि निघून जातो. त्याला नावही धड नसतं. आपल्याकडे असा परका चालत नाही. गाव त्याला जेवू घालतं, कुणीतरी मावशी होते, कुणी बहीण, आणि दोन-तीन रिळांत त्या भुरट्याचा भाचा करून टाकतं. इटलीतून घोडा आला, टोपी आली, शीळ आली. कुणाचा कोणीच नसलेला माणूस मात्र आपण बंदरावरच अडवला. फिरोझ खानचा घोडेस्वार 'खोटे सिक्के'त उपरा वाटतो तो याच कारणाने. बाकीच्या पाचांना गाव आपलंसं करतं, याला करता येत नाही.

एक गोष्ट मला खटकत आली आहे. 'प्रभात चित्र मंडळ' ही फिल्म सोसायटी १९६८ साली सुरू झाली आणि तिने मराठी मध्यमवर्गाच्या एका पिढीला कुरोसावा, राय, बर्गमन दाखवले. हे ऋण मोठं आहे. पण याच पिढीतला, 'सेव्हन सामुराई'वर तासभर बोलणारा माणूस, त्या सामुरायांचे हे हिंदी नातू आपण मॅटिनीला पाहिलेत हे कबूल करायला लाजायचा. आजोबांचा फोटो दिवाणखान्यात आणि नातू मागच्या दाराने. सगळ्यांत विचारी प्रेक्षकच गप्प राहिला, म्हणून अशा चित्रपटांबद्दलचं बोलणं 'कोण आधी'वर अडकून पडलं.

युरोपात हे झालं नाही, निदान कायमचं झालं नाही. इटालियन वेस्टर्नना तिथल्या समीक्षकांनीही सुरुवातीला स्वस्त नक्कल म्हणून झटकलं होतं. पुढे ख्रिस्तोफर फ्रेलिंग या इंग्रज अभ्यासकाने १९८१ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. सर्जिओ कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' हा १९६८ चा चित्रपट घ्या. वाळवंटाऐवजी बर्फ, नायक मुका, आणि शेवटी नायकच मारला जातो. निर्मात्यांच्या समाधानासाठी सुखान्तही चित्रित करून ठेवला होता. अमेरिकेत त्याचं रीतसर प्रदर्शन व्हायला कित्येक दशकं लागली. तोवर तो जगवला चाहत्यांनी, ॲलेक्स कॉक्ससारख्या दिग्दर्शकांनी, आणि तो कुठल्या दुसऱ्या चित्रपटाच्या आधी आला एवढंच सांगून नव्हे. बर्फात घोडा कसा रुततो, बोलता न येणाऱ्या माणसाच्या हातात पिस्तूल कसं दिसतं, खलनायक झालेला क्लाउस किन्स्की किती सौम्य आवाजात बोलतो, हे ते बोलत राहिले, लिहीत राहिले.

आमच्याकडे बोलण्याच्या जागाही गेल्या. घाटकोपरच्या ओडियन थिएटरच्या जागी मॉल उभा आहे, श्रेयस आता थांब्याचं नाव म्हणून बसवाल्यांच्या तोंडी उरलंय, अंधेरीचं अंबर-ऑस्कर ज्यांनी पाहिलं त्यांना तिथे आता कपड्यांचं दुकान दिसतं. सकाळच्या खेळाला जुने चित्रपट कमी दरात लागायचे, आणि बाहेर पडल्यावर स्टेशनपर्यंत चालताना मत तयार व्हायचं. आता 'खोटे सिक्के' मोबाइलवर कधीही पाहता येतो, पण पाहून झाल्यावर शेजारी भांडायला कुणी नसतं.

'शोले'चं भाग्य थोर. नव्याने दुरुस्त केलेली त्याची प्रत, सेन्सॉरने आणीबाणीत बदलायला लावलेल्या मूळ शेवटासह, जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात चौकातल्या पडद्यावर दाखवली गेली. म्हणजे लिओनेच्या देशात. 'खोटे सिक्के'साठी कुणी असा चौक मागणार नाही आणि मीही मागत नाही. चित्रपट दोन तुकड्यांत मोडलेला आहे: एक घोडेस्वाराचा, एक पाचांचा, आणि दोन्ही शेवटपर्यंत नीट जुळत नाहीत. त्याचे जाणते चाहतेही हे मान्य करतात, फक्त दोष कुणाचा यावर त्यांच्यात दोन तट आहेत. एका तटाला फिरोझ खानच सगळं काही वाटतो, बाकीचे नुसती भरती. माझं मत दुसऱ्या तटाकडे आहे. घोडेस्वार अख्खा कापून काढा, चित्रपट उभा राहतो. ते पाच जण काढले तर टोपी, घोडा आणि शीळ एवढंच उरतं, आणि ते इटलीवाल्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करून ठेवलंय.